बिनलोड चाचणी

रविवारी सकाळी मास्तरांनी कारखान्याचे मागचे दार उघडले, तेव्हा त्यांच्या लेथला, धातू कातण्याच्या यंत्राला, लाल पट्टी बांधलेली होती.

बांधणाऱ्याने ती घाईने बांधलेली नव्हती. काम घट्ट पकडणाऱ्या चकच्या वरच्या जबड्यातून घेतलेले दोन वेढे, सारखी कापलेली टोके आणि शेवटी चपटी गाठ. अशी गाठ या कारखान्यात दोघांनाच येत असे. एक स्वतः मास्तर आणि दुसरा त्यांचा धाकटा भाऊ. दोघांनाही ती आप्पांनी, म्हणजे त्यांच्या वडिलांनी, एकाच दुपारी याच लेथपाशी उभे करून शिकवली होती.

पट्टीचा नियमही आप्पांचाच. जे यंत्र कारण न सापडता तीनदा थांबेल, त्याला पट्टी बांधायची. दातेरी चाके कापणाऱ्या आणि जुने गिअरबॉक्स पुन्हा चालते करणाऱ्या या कारखान्यात आजवर ड्रिलला, शेपरला, मिलिंग मशीनला, एवढेच काय, दारावरच्या घंटेलाही पट्टी लागून गेली होती. मास्तरांच्या लेथला ती कधी लागली नव्हती. लागण्याचे कारणही नव्हते. लेथ एकदाही थांबला नव्हता. थांबत होते ते मास्तर.

त्यांनी मनाशी मोजणी केली. लेथपाशी ते दोनदा पडले होते, आणि ही गोष्ट त्यांनी कोणालाही सांगितलेली नव्हती. नियमाला तीन थांबे लागतात. म्हणजे धाकट्याला दोन्ही ठाऊक होते, आणि वर आणखी एक. आयुष्यभर शतांश मिलिमीटरशी संसार केलेल्या माणसाला तो जादाचा एक डोळ्यात गेलेल्या कणासारखा खुपू लागला.

पट्टी त्यांनी सोडली नाही. नियम तो नियम. त्यांनी दार ओढून घेतले आणि कारखान्याला लागून असलेल्या आपल्या दोन खोल्यांत परत येऊन खुर्च्या मांडायला सुरुवात केली. अकरा वाजता सगळे जमणार होते, आणि मास्तरांनी पुढे कोठे राहायचे, हे आज ठरायचे होते.

गेल्या पाच महिन्यांत त्यांची शुद्ध चार वेळा हरपली होती. लोक त्याला 'अंधारी येणे' म्हणत. मास्तरांना तो शब्द पसंत नव्हता. दिवा गेल्यावर निदान अंधार तरी उरतो. येथे अंधारही उरत नसे. दोन क्षण एकमेकांना बेमालूम जोडलेले असत आणि मधला तुकडा कोणीतरी कापून नेलेला असे. पहिल्या वेळी ते आरशासमोर दाढी करत होते, आणि पुढच्याच क्षणी फरशीवर गाल टेकून बेसिनचा तळ पाहत होते. हनुवटीला सात टाके पडले. दुसऱ्या वेळी बसथांब्यावर. अनोळखी माणसांनी उचलून बाकावर बसवले आणि खिशातल्या कागदावरून मुलाला फोन लावला. या दोन गोष्टी घरात सर्वांना माहीत होत्या. उरलेल्या दोन फक्त मास्तरांच्या खिशातल्या छोट्या वहीत होत्या.

वहीत त्यांनी रकाने आखले होते: तारीख, वेळ, स्थळ, आधी, नंतर. 'आधी'च्या रकान्यात चारही वेळा 'काही जाणवले नाही' असेच लिहिलेले होते. 'नंतर'मध्ये तिसऱ्या नोंदीपुढे होते: 'डोक्याखाली कोट, घडी घातलेला.' कोट तर आठ पावलांवरच्या खुंटीला असे. चौथ्या नोंदीपुढे: 'लेथ बंद. मी केल्याचे स्मरत नाही.' दोन्हींपुढे त्यांनी एकेक प्रश्नचिन्ह काढले होते आणि वही मिटली होती. उत्तर शोधायचे, तर कोणाला तरी विचारावे लागले असते.

ताई सर्वांत आधी आली. ती भावंडांत थोरली, शहात्तर वर्षांची. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून नोकरी झालेली. अजूनही ती कोणाशीही बोलताना आधी क्षणभर थांबे, जणू पलीकडून नंबर सांगितला जाण्याची वाट पाहते आहे. तिने आल्या आल्या मास्तरांच्या हनुवटीवरचा व्रण पाहिला, पलंगावरच्या चादरीची घडी पाहिली, धुऊन उपडा ठेवलेला एकुलता एक कप पाहिला आणि स्वयंपाकाच्या ओट्याकडे जाऊन चहाचे आधण ठेवले.

मास्तरांचा मुलगा आदल्या दिवशीच आला होता. इमारतींचे नकाशे काढणे हा त्याचा व्यवसाय. राहायला आठ तासांच्या प्रवासावर. येताना त्याने एक नकाशा काढून आणला होता. त्याच्या घरातली एक खोली, पूर्वेला खिडकी, भिंतीलगत पलंग, पलंगापासून न्हाणीघरापर्यंत आधाराला धरायची दांडी. दांडीची उंची वडिलांच्या कोपराच्या मापाने काढलेली होती. नकाशा उत्तम होता. मास्तरांनी तो दोनदा पाहिला आणि त्यात लेथ कोठे दाखवला आहे, असे विचारण्याचा मोह आवरला.

टेबलावर इस्पितळाचा लिफाफा होता. मुलाने अहवाल मोठ्याने वाचला. छातीवर सात दिवस चिकटवलेल्या यंत्राने हृदयाचा प्रत्येक ठोका टिपला होता. ठोके नियमित, तुरळक जादा ठोके, वयाला साजेसे, हृदय थांबल्याची नोंद नाही. शुद्ध हरपण्याचे कारण या नोंदीवरून सांगता येत नाही. हृदयाच्या मोठ्या डॉक्टरांची भेट तीन आठवड्यांनी.

"म्हणजे हृदय ठणठणीत आहे," ताई म्हणाली. "मी पहिल्यापासून सांगतेय. याचं हृदय नाही बिघडलेलं, याचं घर बिघडलंय. बायको गेल्याला सहा वर्षं झाली. भावाशी बोलणं नाही. भिंतीशी बोलून बोलून माणूस पडणार नाही तर काय होईल?"

मास्तरांनी शांतपणे सांगितले की 'थांबल्याची नोंद नाही' आणि 'थांबत नाही' ही दोन वेगळी विधाने आहेत. ताईने सांगितले की असली विधाने ती चाळीस वर्षे फोनवर ऐकत आली आहे, आणि बहुधा ती मांडणाराच चुकीचा नंबर फिरवत असतो.

"बाबा," मुलगा म्हणाला, "मंगळवारची दोन तिकिटं काढलीत. तीन आठवडे इथे एकट्यानं वाट बघण्यापेक्षा तिकडे बघा. तारखेला मी स्वतः घेऊन येईन."

"तिकडे मी करू काय?"

"काही करू नका. आराम करा."

"तो मी नुकताच सात दिवस करून पाहिला," मास्तर म्हणाले.

हे त्यांनी ज्या सुरात म्हटले, त्यावरून कोणाला काही कळण्याजोगे नव्हते. ते सात दिवस कसे गेले, हे फक्त त्यांनाच माहीत होते. इस्पितळातून यंत्रासोबत सूचनांचा कागद मिळाला होता. चौथी सूचना होती की विजेच्या मोठ्या मोटारी आणि चुंबके यांपासून दूर राहावे, नोंद बिघडू शकते. मास्तरांनी तिच्याखाली दोन रेघा मारल्या. वाचन शुद्ध हवे. मोजमाप चालू असताना टेबलाला धक्का लागता कामा नये, हे त्यांनी तीस वर्षे शिकाऊ कामगारांच्या डोक्यात भरले होते. म्हणून ते कारखान्यात गेले नाहीत. दाढी केली नाही. रस्त्यावर उतरले नाहीत. दाराबाहेर त्यांनी ठळक अक्षरांत कागद लावला: 'मोजमाप चालू आहे. आत येऊ नये.' आणि खुर्चीत ताठ बसून राहिले.

कोणी आत आले नाही. कागदाचा मान सर्वांनी राखला. सात दिवस भिंतीपलीकडून यंत्रांचे आवाज येत राहिले, आणि कोणते यंत्र काय कापते आहे, धार बोथट झाली आहे की नाही, हे मास्तर डोळे मिटून ओळखत राहिले. बुधवारी दुपारी कोणीतरी त्यांचा लेथ चालवला. नवखा हात होता. खोल काप घेताना बिचकत होता. मास्तरांचा हात आपोआप उचलला गेला आणि खुर्चीच्या दांडीवर येऊन पडला. त्या आठवड्यात त्यांच्या तोंडून एकंदर तीन वाक्ये गेली, तीही दूधवाल्याशी, दाराच्या फटीतून.

अकरा वाजून गेल्यावर धाकटा आला. सोबत त्याची बायको, खांद्याला कापडी पिशवी लावून. धाकटा आता त्रेसष्ट वर्षांचा होता, पण या खोलीत त्याला दुसरे नाव मिळालेच नाही. तो खुर्चीवर बसला नाही. दाराजवळचा स्टूल ओढून त्यावर टेकला, निघून जायला सोपे पडेल असा.

दोघा भावांत चार वर्षे बोलणे नव्हते. भांडण एका यंत्रावरून. धाकट्याला संगणकावर चालणारे नवे मशीन आणायचे होते आणि त्यासाठी जागा हवी होती आप्पांच्या लेथची. मास्तर सगळ्या कामगारांदेखत म्हणाले होते, "तुला बटणं कळतात, यंत्र कळत नाही." आणि लेथभोवतीच्या जमिनीवरच्या पिवळ्या रेषेकडे बोट दाखवून सांगितले होते की या रेषेच्या आत पाऊल टाकायचे नाही. नवे मशीन मग पलीकडच्या अर्ध्या भागात आले. तेव्हापासून कामाचे निरोप मधल्या खांबावरच्या पाटीवर लिहिले जात. अक्षर दोघांचेही सुरेख होते.

मुलाने काकांपुढे नकाशा ठेवला. सकाळी कारखान्यात डोकावून त्यानेही लेथची पट्टी पाहिली होती, आणि त्याचा समज असा होता की काका आपल्याच बाजूचे आहेत. "पट्टी तुम्हीच बांधलीत ना, काका? म्हणजे बाबांनी आता लेथवर उभं राहू नये, हे तुम्हालाही पटलंय."

धाकट्याने नकाशा पाहिला, दांडीची उंची पाहिली, मान डोलावली. मग ताईकडे वळून म्हणाला, "त्याला सांग, मी पट्टी त्याला घालवायला बांधलेली नाही."

"मी एक्स्चेंज सोडून अठरा वर्षं झाली," ताई म्हणाली. "समोर बसलाय. थेट बोल."

पण थेट बोलण्याची सवय मोडलेली होती. धाकट्याने खिडकीकडे पाहिले, चहाच्या कपाकडे पाहिले. तेव्हा त्याच्या बायकोने पिशवीतून जाड पुठ्ठ्याची लांब वही काढली आणि मास्तरांच्या पुढ्यात ठेवली. ती कारखान्याची थांब-वही होती. कोणते यंत्र केव्हा थांबले, काय करताना थांबले, किती वेळ, कशाने, हे तीत आप्पांच्या काळापासून लिहिले जात होते. भांडणानंतर ती धाकट्याच्या टेबलावर गेली होती आणि मास्तरांनी उघडली नव्हती.

"चार महिने यांच्या घशाखाली धड घास उतरत नाही," ती म्हणाली. "आज वही घेतली नाहीत तर मी येणार नाही, असं सांगितलं. दादा, खुणेचं पान काढलंय. वाचा तुम्ही."

मास्तरांनी चष्मा लावला. पानावर धाकट्याच्या अक्षरात तीन नोंदी होत्या.

पहिली: 'लेथ क्र. १. काय चालू होते: चक आवळणे, उभा, मान डावीकडे. थांबला: १८ सेकंद. कारण: रिकामे.'

तिसरी: 'लेथ क्र. १. काय चालू होते: काप घेताना चकजवळचे टोक पाहणे, मान डावीकडे. थांबला: १६ सेकंद. लेथ मी बंद केला. कारण: रिकामे.'

या दोन तारखा मास्तरांच्या खिशातल्या वहीत होत्या. मधली नव्हती. मधल्या नोंदीत लिहिले होते: 'लेथ क्र. १. माप घेताना, उभा, लेथवर हात टेकून, मान डावीकडे. थांबला: ७ सेकंद. डोळे उघडे. पडला नाही. नंतर काम पुढे चालू.'

मास्तरांनी ती नोंद दोनदा वाचली. तो मंगळवार त्यांना चांगला आठवत होता. त्या दिवशी त्यांनी एक लांब लोखंडी दंड एका दमात पुरा केला होता आणि संध्याकाळी हात धुताना, अजून आपला हात बसलेला आहे, असे स्वतःला सांगितले होते. त्या दिवसाला कोठेही शिवण दिसत नव्हती.

"हा दिवस माझ्याकडे पुरा आहे," ते म्हणाले. "यात काही झालेलं नाही."

"झालं," धाकटा म्हणाला. चार वर्षांनी तो भावाकडे पाहून बोलत होता. "तू उघड्या डोळ्यांनी चकाकडे बघत होतास आणि तू तिथे नव्हतास. मी सातपर्यंत मोजलं. मग तू मायक्रोमीटर उचललास आणि पुढचं माप घेतलंस."

मास्तरांच्या मनात एक प्रश्न सावकाश फिरू लागला. धाकट्याने पाहिले म्हणून हा एक कळला. जेथे कोणी पाहत नव्हते, या खोलीत, या खुर्चीत, कपात चहा ओतताना, तेथे असे किती झाले असतील? पाच महिन्यांत? सहा वर्षांत?

"कोट तू ठेवलास," ते म्हणाले.

"हो."

"मग थांबला का नाहीस?"

"तू डोळे उघडायला लागलास तसा मागं सरलो. नव्या मशीनच्या आडोशाला उभा होतो, तू उठून बसेपर्यंत. रेषेच्या आत आलो होतो ना."

"ते मी बटणांवरून म्हणालो होतो."

"कशावरून म्हणालास ते आता आठवत नाही. रेषा आठवते."

येथे मुलगा संतापला. तो सहसा आवाज चढवत नसे. आताही चढवला नाही, पण नकाशाची गुंडाळी त्याने करकचून आवळली. काकांनी हे सगळे पाहिले, लिहिले, सही केली आणि घरातल्या एकाही माणसाला सांगितले नाही, याला काय म्हणायचे, असे त्याने विचारले. ताईनेही त्याचीच री ओढली. मग ती मास्तरांवर घसरली: दोन वेळा पडल्याचे याने तरी कोठे सांगितले होते? दोघे भाऊ दोन वह्यांत एकच आजार लिहीत बसले आणि मधे एक भिंतसुद्धा नव्हती. धाकट्याने सारे ऐकून घेतले. त्याने एवढेच सांगितले की छातीवर यंत्र लावले आहे असे कळले तेव्हा त्याला हायसे वाटले. आता आपल्याला बोलावे लागणार नाही, यंत्रच काय ते सांगेल, असे वाटले. काल अहवाल कोरा आल्याचे पुतण्याने फोनवर सांगितले, तेव्हा जाऊन पट्टी बांधली.

मग तो थांबला. काही तरी त्याच्या ध्यानात येत होते.

"त्या आठवड्यात तू लेथवर आला नाहीस," तो म्हणाला.

"मोटारींपासून दूर राहायची सूचना होती."

"दाढी?"

"केली नाही."

"बाहेर? बसथांब्यावर?"

"नाही. मोजमाप चालू होतं. बसून होतो."

"सात दिवस?"

"सात दिवस. नोंद स्वच्छ यावी म्हणून."

धाकट्याने चष्मा काढून हातात धरला. "दादा," तो अगदी हळू म्हणाला, "तू बिनलोड चाचणी घेतलीस."

या वाक्याचा अर्थ ताईला लागला नाही, पण मुलाला लागला. तो याच कारखान्यात लहानाचा मोठा झाला होता. दुरुस्त केलेला गिअरबॉक्स नुसता फिरवून पाहायचा नाही, हा मास्तरांचा पहिला धडा. भार नसताना मोडक्या दाताचे चाकही गोड फिरते. भार द्या, मग दात बोलतो. लोड न देता तपासून 'ठीक आहे' असे लिहून आणणाऱ्या शिकाऊ पोरांचे कागद मास्तरांनी त्यांच्यासमोर फाडले होते. धाकट्याचाही एक फाडला होता, फार वर्षांपूर्वी.

मास्तर उठले. भिंतीवर टाचलेला सूचनांचा कागद काढून त्यांनी टेबलावर ठेवला. चौथ्या सूचनेखाली दोन रेघा होत्या. सहावी सूचना होती: 'दैनंदिन कामे नेहमीप्रमाणे चालू ठेवावीत.' तिच्याखाली काहीच नव्हते.

"फाड," मास्तर म्हणाले आणि अहवाल धाकट्यापुढे सरकवला.

ताईला हसू फुटले. तिने पदर तोंडाला लावला, पण ते आवरेना. धाकट्याची बायको हसली, आणि मग मास्तरही हसले, नाकातून, थोडेसे, बऱ्याच दिवसांच्या गंजलेल्या खिट्टीसारखे. मुलगा मात्र हसला नाही. हे सगळे खरे असले, तरी त्यावरून हृदय बरे आहे असे ठरत नाही, उलट भीती वाढतेच, असे तो म्हणाला. त्याचे बरोबर होते. धाकट्यानेही ते कबूल केले.

शेवटी असे ठरले. उद्या इस्पितळात जाऊन थांब-वही दाखवायची आणि यंत्र पुन्हा लावून मागायचे. या वेळी नेहमीच्या हालचाली करायच्या, पण एकट्याने एकही नाही. त्या सात दिवसांतही काही सापडले नाही, तर मास्तर पूर्वेच्या खिडकीच्या खोलीत जातील आणि लेथचा विषय काढणार नाहीत. ही अट मास्तरांनी स्वतः घातली, आणि ती घालताना त्यांनी मुलाच्या हातातून नकाशाची गुंडाळी घेऊन आपल्या उशीखाली ठेवली.

"आणि पट्टी?" ताईने विचारले. "पट्टी म्हणजे बंद ना?"

"सगळे तसंच म्हणतात," धाकटा म्हणाला. "आप्पांनी तसं लिहिलेलं नाही. 'पट्टी असलेलं यंत्र एकट्यानं चालवू नये.' एवढंच लिहिलंय."

सोमवारी इस्पितळातल्या यंत्र लावणाऱ्या बाईंनी, नेहमीची कामे चालू ठेवा हे आपण मागच्या वेळीही सांगितले होते, अशी आठवण करून दिली. तपासणी विभागातल्या डॉक्टरांनी थांब-वहीचे पान उभ्या उभ्या वाचले, मग खुर्ची ओढून बसून पुन्हा वाचले. मान डावीकडे, हे त्यांनी तिन्ही ठिकाणी पेन्सिलीने हळूच खुणावले, आणि दाढी करताना नि बसची वाट पाहताना मान कोठे होती, तेही विचारले. मानेचा आणि हृदयाच्या ठोक्याचा असा संबंध असू शकतो; पण नोंद हाती आल्याशिवाय आपण त्याला नाव देणार नाही, असे ते म्हणाले. मास्तरांना ही पद्धत आवडली. डॉक्टरांनी अटी घातल्या: वीज तोडलेली, जमिनीवर गादी, जवळ माणूस.

मंगळवारी मुलगा एका तिकिटावर गेला. निघताना त्याने काकांना गाडीच्या दारातून सांगितले की रोज फोन हवा. काकांनी वेळ विचारून घेतली.

त्या दिवसापासून लेथचा फ्यूज धाकट्याच्या खिशात राहू लागला. जेवणाच्या सुट्टीनंतर तासभर, कामगार पलीकडच्या भागात असताना, मास्तर थंड लेथसमोर उभे राहत, चकमध्ये दंड पकडत, चावीने आवळत, सोडत, पुन्हा आवळत. पिवळ्या रेषेच्या आत, दोन हातांवर, धाकटा स्टूल घेऊन बसे. नजर कारखान्याच्या घड्याळावर आणि भावाच्या मानेवर. मंगळवारी काही झाले नाही. बुधवारी काही झाले नाही. काही न होण्याची भीती वाटावी, असे दिवस मास्तरांनी यापूर्वी पाहिले नव्हते. प्रत्येक वेळी मान वळवताना, हाच तो कापलेला तुकडा असेल, असे त्यांना वाटे. आणि तो आला तरी तो आपल्याला दिसणार नाही, हेही ठाऊक असे. शेजारी माणूस बसलेला होता, तरी त्या कड्यापर्यंत जायचे ते एकट्यानेच.

गुरुवारी चावी पुसता पुसता त्यांनी विचारले, "त्या अठरा सेकंदांत मी कसा दिसत होतो?"

धाकट्याची नजर घड्याळावरून खाली उतरली.

"आप्पांसारखा," तो म्हणाला.

आप्पा याच लेथपाशी गेले होते, एक्केचाळीस वर्षांपूर्वी. मास्तर तेव्हा परगावी एक यंत्र उभारायला गेले होते. धाकटा बावीस वर्षांचा, कारखान्यात एकटा.

"पडले तेव्हा मी मोजायला लागलो," धाकटा म्हणाला. "किती वेळ थांबलं ते लिहायचं असतं ना. डॉक्टर येईपर्यंत मोजत होतो. अकराशेच्या पुढे गेलो होतो."

त्या वर्षीची थांब-वही मास्तरांनी अनेकदा चाळली होती. त्या तारखेला तीत काही नव्हते. त्यांनी भावाकडे पाहिले. त्याचे केस पांढरे झाले होते, आणि हे केव्हा झाले ते त्यांनी पाहिले नव्हते. मग त्यांनी चावी चकच्या भोकात बसवली, दोन्ही हात तिच्यावर ठेवले आणि मान डावीकडे वळवली.

"बावीस सेकंद," धाकटा म्हणाला.

वर छताची तुळई होती. डोक्याखाली घडी घातलेला कोट होता. धाकट्याचे एक बोट मास्तरांच्या मनगटावर होते आणि दुसऱ्या हाताचा अंगठा छातीवरच्या यंत्राच्या, घेरीच्या वेळची नोंद इस्पितळात पाठवणाऱ्या, बटणावर.

"दाबलंस?"

"दाबलं. दोनदा."

"नाडी?"

"नव्हती. एकविसाव्याला आली." धाकट्याचे आकडे स्वच्छ होते.

मास्तरांनी पडल्या पडल्याच वही मागितली. धाकट्याने ती आपल्याच मांडीवर घेतली. तारीख. लेथ क्र. १. चक आवळणे, मान डावीकडे. बावीस सेकंद. कारणाच्या रकान्यापाशी त्याची पेन्सिल थांबली, आणि तो रिकामा ठेवायचा की नाही, हे त्याने भावाच्या चेहऱ्याकडे पाहून ठरवले. त्याने लिहिले: 'नोंद पाठवली आहे.'

"चक आवळलं होतं का मी?" मास्तरांनी विचारले. "मान वळवली एवढं आठवतं."

"नाही. वळवलीस, आणि मग बोलायला लागलास."

"मी? काय बोललो?"

धाकट्याने पेन्सिल वहीत ठेवली आणि वही मिटली.

"म्हणालास, 'त्या दिवशी बटणांवरून मी तुला जे बोललो ते,' आणि गेलास."

मास्तरांनी आठवून पाहिले. मान वळवली, तुळई दिसली. मधे काही नव्हते. ते वाक्य पुढे काय होते, ते त्यांना शोधून सापडेना. आता ते नव्याने जुळवून म्हणता आले असते, पण ते दुसरे वाक्य झाले असते.

"पुढचं राहू दे," धाकटा म्हणाला. "कळलं."

त्याने खिशात हात घालून फ्यूज आहे ना, हे चाचपून पाहिले, आणि भावाच्या मनगटावरचे बोट काढले नाही.